तुरीतले पांढरे ठिपके

यंदा रानडुकरांनी आपल्या वावराकडे फिरकूनच दाखवावं, असं इंद्रभान खिल्लारेंनी डुकरं सोडून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मेडशीच्या स्टँडवर चहा पिता पिता सांगितलं. विहारात रविवारची वंदना झाल्यावर सतरंजी गुंडाळता गुंडाळता सांगितलं. दाढीला साबण लागलेला असताना आरशातल्या न्हाव्याला सांगितलं. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी करून माणूस निवृत्त झालेला, त्यामुळे एकाच्या कानात सांगितलेलं शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जायचं.

एवढ्या मोठ्या आवाजामागे कारणही तेवढंच मोठं होतं, आणि ते त्यांच्याच घरात भाकरी थापत बसलेलं होतं.

गेल्या साली तूर डुकरांनी खाल्ली. त्याच्या आदल्या साली रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी. दोन्ही वेळा इंद्रभान मचाणावर जागलीला होते, आणि दोन्ही वेळा सकाळी गंगूबाईंनी वावरात जाऊन त्यांना उठवलं होतं. यंदा सोयाबीन निघालं, मधली तुरीची तासं, म्हणजे ओळी, शेंगांनी लदबदली, आणि गंगूबाईंनी निकाल दिला.

“यंदा तूर घरात नाही आली, तं पुढच्या साली वावर नरेंद्रले बटईनं, अर्ध्या वाट्यावर. तुमी मंग विहाराच्या ओट्यावर बसा अन् डुकराईच्या गोष्टी सांगत जा.”

नरेंद्र म्हणजे गंगूबाईंचा धाकटा भाऊ. मुक्काम मालेगाव. वावरात पांढरे बूट घालून यायचा आणि ते तसेच पांढरे घेऊन परत जायचा. कोणत्याही पिकाकडे पाहून “भाऊजी, हे असं नसते,” म्हणायचा. मग कसं असतं ते सांगायच्या आत त्याला नेमका फोन यायचा. उद्या मूठभर अंबाडीची भाजी तोडायलासुद्धा या माणसाला विचारावं लागेल, या विचारानं इंद्रभानना जेवताना ठसका लागायचा.

तेव्हा त्यांनी ठरवलं, यंदा काम शास्त्रीय पद्धतीनं.

बॅटरीचा उपयोग नाही, हे ते अनुभवानं शिकले होते. बॅटरी लावली की आपण कुठे आहोत हे डुकरांना समजतं, डुकरं कुठे आहेत हे आपल्याला समजत नाही. म्हणजे सेल टाकायचे आपण आणि उजेड वापरायचा त्यांनी. इंद्रभानना हवी होती थर्मल दुर्बीण. उजेडावर नाही, अंगाच्या उबेवर चालणारी. काळोखात कितीही दडून बसलेला जीव असो, अंगात ऊब आहे तोवर तो तिच्यात पांढरा ठिपका होऊन चमकणारच. ही सगळी माहिती त्यांनी मोबाईलवर ऐकली होती, तीही अशा माणसाच्या तोंडून ज्याची भाषा त्यांना समजत नव्हती. पण तो ज्या ठसक्यात बोलत होता त्यावरून माणूस खोटं बोलणारा वाटत नव्हता.

लेक सपना वाशिमला एका पतसंस्थेत नोकरीला. तिच्या मैत्रिणीचा नवरा असल्या वस्तू विकायचा. ओळखीचं गिऱ्हाईक म्हणून त्यानं तीन नग दिले, वापरून पाहा म्हणाला, एक ठेवा, दोन पुढच्या आठवड्यात परत पाठवा. सपना तिन्ही खोकी घेऊन एसटीनं आली, बापाला बटणं दाखवून, आईला “बाबाले पान्या-पेचकसापासून दूर ठेवजो,” एवढं सांगून दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेली.

तिन्ही खोक्यांवर एकच चित्र होतं. हॅट घातलेला, दाढीवाला, जाडजूड गोरा माणूस एका डोळ्याला यंत्र लावून अंधारात पाहतो आहे.

“हा कोन?” गंगूबाईंनी विचारलं.

“शिकारी. रात्रीच्या शिकारीसाठीच असते हे.”

“तुमी शिकार करान?”

इंद्रभाननी शांतपणे समजावलं की मारायचं नाही, मारायला सरकारी परवाना लागतो. आपण फक्त पाहायचं आणि हाकलायचं. गंगूबाईंनी चित्रातल्या शिकाऱ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. “याची झोप झालेली दिसते,” म्हणाल्या आणि पुन्हा परातीकडे वळल्या.

यंत्रांची नावं पहिल्याच दिवशी पडली. बारका, मधला आणि थोरला. बारका साबणाच्या वडीएवढा. त्याच्यातून बैल पाहिला काय आणि बैलगाडी पाहिली काय, पिठाचा गोळा थापल्यासारखंच दिसायचं. मधल्यात बरं दिसायचं, पण त्याची चार्जिंग सरकारी कचेरीसारखी, आपलं काम निघालं की बंद. थोरला मात्र हातभर लांब, जड, आणि त्याच्या कागदावर लिहिलेलं की किलोमीटरभरावरचा जीव यात दिसतो. कोणता जीव, ते कागदात लिहिलेलं नव्हतं. हे इंद्रभानच्या लक्षात यायला हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना तिकिटाच्या मागचे बारीक नियम दाखवून भांडलेला माणूस, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा समोरचा मोठ्या अक्षरांतला मजकूरच वाचून बसला.

पहिल्या संध्याकाळी दिवस बुडाल्यावर त्यांनी थोरला डोळ्याला लावला, आणि पहिल्याच फटक्यात नाल्याच्या काठी तीन डुकरं. एक मोठं, दोन लहान. हलत नव्हती, चरत नव्हती. इंद्रभान बराच वेळ त्यांची शिस्त पाहत राहिले. एवढ्यात पाण्याची कॅन घेऊन येणाऱ्या गंगूबाई त्या मोठ्या डुकरावर बसल्या आणि चपलेतला काटा काढू लागल्या.

काळे धोंडे होते ते. दिवसभर उन्हात तापलेले, अजून निवायचे होते.

“धोंडे गरम हायेत,” इंद्रभाननी यंत्राची बाजू घेतली.

“मले समजलं,” गंगूबाई म्हणाल्या. “मी त्याच्यावरच बसली हाये.”

आता चूक व्हायला नको म्हणून त्यांनी हलणारा ठिपका शोधायला घेतला. तो सापडला पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. बसका, गोल, तुरीच्या शेवटच्या तासाला अगदी चिकटून. मधूनच थोडा पुढे सरकत होता. धोंडा सरकत नाही. इंद्रभाननी रिकामा डबा उचलला, काठीनं बदडला, ज्या आवाजानं ते कधीकाळी टपावरच्या पोरांना खाली उतरवायचे त्या आवाजात आरोळी ठोकली, आणि पाठोपाठ ढेकळांचा मारा सुरू केला.

ठिपका दोन पायांवर उभा राहिला, एका हातानं धोतर सावरत आणि दुसऱ्या हातातला लोटा सांभाळत तांड्याच्या दिशेनं पळाला.

तो गोविंदसिंग राठोड होता. नाल्यापलीकडच्या तांड्यावरचा, इंद्रभानच्या धुऱ्याला धुरा लागून वावर असलेला. माणूस मानी. आजा नावाजलेला शिकारी होता, असं तो स्वतः सांगायचा, आणि जनावराची नजर आपल्यात रक्तातून आली आहे असंही. त्या नजरेला शेजाऱ्याचं ढेकूळ येताना दिसलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. आणि ज्या कामाला तो बसला होता, ते अर्धवट टाकून उठण्यासारखं नव्हतं.

इथेच गोविंदसिंगनं घरी येऊन चार शिव्या दिल्या असत्या तर मामला मिटला असता. पण लोटा घेऊन पळालो हे मेडशीच्या टपरीवर सांगायचं कसं? लोक तर विचारत होते की काल वावरात डबा कायले वाजत होता. तेव्हा त्यानं गोष्टीतला स्वतःचा भाग आखडता घेतला आणि यंत्राचा भाग वाढवला. काय दुर्बीण आहे म्हणाला. अंधारात, एवढ्या लांबून, आडोशाला बसलेला माणूस जसाच्या तसा दिसतो म्हणाला. कोणी विचारलं, जसाच्या तसा म्हणजे? तर मान हलवून बोलला, “आता काय काय दिसते ते नका इचारू. मानसाचं काईच लपून नाही राह्यत.”

सकाळी हे वाक्य स्टँडवर बोललं गेलं. दुपारी ते गावात पोचलं तेव्हा त्याच्यातून कपडे गळून पडले होते. दिवस कलायच्या आत इंद्रभानच्या दारात बायकांचा घोळका उभा होता. तांड्यावरच्या आणि गावातल्या, एरवी पाण्यावरून एकमेकींशी न बोलणाऱ्या, या कामात एकदिल. पुढे खुद्द गोविंदसिंगची बायको मंजू.

“गंगूताई,” मंजू म्हणाली, “तुमच्या घरधन्याची दुर्बीण लुगड्याच्या आरपार पाह्यते म्हने. आमची वाट तुमच्या धुऱ्यावरून हाये. आता आमी त्या वाटेनं जायचं का नाही, तेवढं सांगा.”

गंगूबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. त्या क्षणी कोणी इंद्रभानवर थोरला रोखला असता, तर अख्ख्या वाशिम जिल्ह्यात त्यांच्याइतकं पांढरंफटक काही दिसलं नसतं.

त्यांनी जीव तोडून समजावलं. यंत्राला फक्त ऊब दिसते. कपड्याच्या आतलं दिसत नाही. चेहरासुद्धा धड दिसत नाही. दाखवतो म्हणून आतून खोकं आणायला निघाले, तर बायका म्हणाल्या, घरात दाखवून काय फायदा, घरात तर साध्या डोळ्यानंही दिसतं. जिथून पाहता तिथून, जेव्हा पाहता तेव्हा दाखवा. मुद्दा बिनतोड होता. इंद्रभान काही बोलायच्या आत गंगूबाईंनी घराण्याची अब्रू वाचवली.

“उद्या दिवस बुडाला का समद्याजनी वावरात या,” त्या म्हणाल्या. “एकेक जन पाह्यजा. मंग बोलजा.”

आता इथे त्या भागातली एक रीत सांगायला हवी. तुरीच्या दिवसांत ज्यानं वावरात पाय ठेवला, त्याला रिकाम्या तोंडानं जाऊ द्यायचं नाही. शेंगा तोडायच्या, गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, मीठ घालून उकडायच्या, समोर ठेवायच्या. आणि उकडायला वेळ लागतो म्हणून तोवर येणाऱ्यानं हिरव्या शेंगा सोलत बसायचं. पदरात बांधून नेलं तर ती चोरी, त्यावरून भांडता येतं. तिथेच उभ्यानं खाल्लं तर त्याला कोणी नाव ठेवत नाही, आणि खाणाऱ्याला ‘पुरे’ म्हणणारा माणूस त्या पंचक्रोशीत अजून जन्मलेला नाही. दरसाल चार पाहुणे यायचे, चार मुठी खाऊन जायचे. त्या हिशेबानं ही रीत कोणाला कधी महाग पडली नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी बायका आल्या. मंजूनं चौकशी हातात घेतली. गोविंदसिंगला लांब धुऱ्यावर उभं केलं आणि एकदा नुसत्या सदऱ्यात, एकदा कोट घालून, एकदा वरून घोंगडी पांघरून इकडून तिकडे चालवलं. प्रत्येक वेळी तिनं थोरला डोळ्याला लावला, मधला लावला, बारका लावला. शेवटी यंत्र खाली ठेवून ती निराश होऊन म्हणाली, “हा माहा नवरा व्हय? हा तं भोपळा दिसते.”

सगळ्याजणींनी आळीपाळीनं तो भोपळा पाहिला. बदनामीचा धोका टळला, पण एवढी चालून आल्यावर पाहायला मिळालं ते हे, अशी थोडी नाराजीही पसरली. ती घालवायला गंगूबाईंनी गंज चुलीवर चढवला. शेंगा गोड निघाल्या. त्यात कोणाचा काय दोष.

एवढ्यावरही भागलं असतं. पण रांग संपत आली तेव्हा इंद्रभानच्या तोंडून, इतकी वर्षं प्रत्येक थांब्यावर निघायचं तेच वाक्य निघून गेलं.

“अजून कोन राह्यलं?”

राहिले होते ते पुरुष. बायकांनी पाहिलं आणि आपण नाही, हे त्यांना घरी बसून सहन होण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या संध्याकाळी गाव आलं, तांडा आला, मेडशीहून मोटारसायकली आल्या, कोणाकडे जऊळक्याहून आलेले पाहुणे होते तेही आले. आणि लांबून पांढरे बूट आले. नरेंद्रला कोणीतरी फोन केला होता.

इंद्रभाननी मचाणाखाली रांग लावली. मागचे मागे सरका, पाहून झालं की उतरा, पुढच्याला जागा द्या. रांग लागली पण हलेना, कारण जो पाहायचा तो मत द्यायचा. तिन्ही यंत्रांचे पक्ष पडले. थोरल्याचे लोक म्हणत, घ्यायचा तर हाच, नाहीतर घेऊच नका. मधल्याचे म्हणत, एवढा जड नग हातात धरायला वेगळा गडी ठेवावा लागेल. बारक्याला पक्षच नव्हता. गोविंदसिंग, ज्याला आता या यंत्राचा जुना जाणकार म्हणून मान मिळाला होता, प्रत्येकाला सांगत होता की खऱ्या शिकाऱ्यानं जनावर चालीवरून ओळखायचं असतं. फक्त सांगताना तो यंत्राची उलटी बाजू डोळ्याला लावून, दुसरा डोळा उघडा ठेवून पाहत होता. नरेंद्रनं एकदाच पाहिलं.

“भाऊजी, हे असं नसते पाह्यत,” तो म्हणाला, आणि त्याला फोन आला.

कोणता ठेवावा, याचा निकाल एकाच गोष्टीनं लागणार होता. खरं डुक्कर दिसायला हवं होतं. आणि वावरात तीन चुली पेटलेल्या. प्रत्येक चुलीवर गंज, प्रत्येक गंजाभोवती माणसं. त्या दिशेला यंत्र वळवलं की नुसता पांढरा भडका. इंद्रभाननी चुली विझवायला सांगून पाहिलं. शेंगा अर्ध्या कच्च्या आहेत, असं उत्तर आलं.

शेवटी ते थोरला घेऊन एकटेच मचाणावर चढले, चुलींकडे पाठ केली आणि नाल्यापलीकडे पाहिलं.

आणि डुकरं दिसली. खरीच. सगळ्यात पुढे एक थोराड नर, मागे माद्या, त्यांच्या पायांत पिल्लं. थोरल्यात एवढी स्वच्छ, की नराचं वर उचललेलं नाकाड दिसत होतं. सगळा कळप नाल्याच्या काठावर थांबून तुरीकडे पाहत होता. कळपानं बराच वेळ पाहिलं. मग नर वळला, मागोमाग सगळे वळले, आणि आल्या वाटेनं जंगलात निघून गेले.

इंद्रभानचं काळीज सुपाएवढं झालं. गेल्या साली ज्यांनी पीक नेलं, ते न खाता परत गेले होते. वावर राहिलं, तूर राहिली. नरेंद्रला आता वर बोलावून हे दाखवावं म्हणून त्यांनी वळून थोरला तुरीवर फिरवला.

तुरीत पांढरे ठिपके होते.

एक नाही, दोन नाही, प्रत्येक तासात. वाकलेले, सरकणारे, थांबून पुन्हा सरकणारे. गंजातल्या उकडायची वाट न पाहता लोक रांगेतून निसटून रीतीप्रमाणे हिरव्या शेंगा सोलत आत शिरले होते. थोरला यंत्र म्हणून लाजवाब होता, यात वादच नाही. हात फांदीकडे जाताना दिसत होता. हात तोंडाकडे येताना दिसत होता. एका ठिपक्याला पावलं नव्हती, तो तासातून तरंगत पुढे चालला होता. जाड बुटांतून ऊब बाहेर येत नाही, एवढं इंद्रभान आता शिकले होते. तो नरेंद्र होता, आणि सगळ्यांत आत पोचला होता.

ज्या कामासाठी दुर्बीण आणली ते काम तिनं केलं होतं. तूर कोण खातं आहे ते लख्ख दाखवलं होतं. इंद्रभाननी डबा उचलला. काठी उचलली. आणि दोन्ही परत खाली ठेवलं. वावरात आलेल्या माणसावर डबा वाजवायचा कसा?

“भाऊ,” खालून कोणीतरी तोंडात शेंग ठेवूनच विचारलं, “दिसले का डुकरं?”

“दिसून राह्यले,” इंद्रभान म्हणाले.

सकाळी गंगूबाई तुरीतून फिरल्या. तुरीच्या निम्म्या ओळींच्या नुसत्या काड्या उभ्या होत्या आणि जमिनीवर टरफलांची सतरंजी. त्यांनी वाकून वाकून माग पाहिला. खुराचा एकही ठसा नव्हता. चपला होत्या, रबरी बूट होते, अनवाणी पाय होते, आणि नाल्याच्या अंगाला पांढऱ्या बुटांची नक्षी होती.

“डुकरं खाते तं पंचनामा तरी होते,” त्या म्हणाल्या. “याचा कोनता परानी लिवाव?”

गंगूबाईंनी तिथेच धुऱ्यावर उभं राहून भावाला फोन लावला आणि वावर पुढच्या साली तूच कर म्हणून सांगितलं. इंद्रभान दुसरीकडे पाहत होते, पण कान तिकडेच होते. नरेंद्रचा आवाज आज बारीक होता. हिरव्या शेंगा रात्रभर त्याच्या पोटात बोलत होत्या. मग त्यानं नाही म्हटलं.

“ताई, डुकरं असते तं घेतलं असतं,” तो म्हणाला. “डुकराईवर इलाज हाये. तुमच्या वावरात गाव जेवाले येते. त्याच्यावर माह्याकडं इलाज नाही.”

अशा तऱ्हेनं इंद्रभान खिल्लारेंचं वावर इंद्रभान खिल्लारेंकडेच राहिलं. त्यांच्या कर्तबगारीवर नव्हे, तर दुसरा कोणी घ्यायला तयार नाही म्हणून. त्यांना तेवढंही पुरेसं होतं. चेहऱ्यावर थोडी कळा आली. पण गंगूबाई अजून तुरीकडेच पाहत होत्या.

“अर्धी तूर हाये अजून,” त्या म्हणाल्या. “ते घरात येईन. आज जागलीले मी बसतो.”

दिवस बुडाल्यावर त्यांनी पहिल्यांदा तिन्ही यंत्रं स्वतः हातात घेतली. नवऱ्याला पलीकडच्या धुऱ्यावर उभं केलं, आणि एकेक करून त्याच्याकडे पाहिलं. थोरल्यात पाहून म्हणाल्या, तुम्हीच दिसता, काठीसकट. मधल्यात पाहून म्हणाल्या, हेही तुम्हीच. बारका डोळ्याला लावून मात्र त्यांनी बराच वेळ घेतला.

“मानूस हाये का डुक्कर, काई समजत नाही,” त्या म्हणाल्या.

“म्हनून तं तो वापस करून राह्यलो,” इंद्रभान तिकडून ओरडले.

“हाच ठेवा.”

सपनाला फोनवर हे पटेना. तिनं आईला समजावलं की बारक्यात काहीच दिसत नाही, दुकानदारसुद्धा तो कोणाला देत नाही, फक्त खोकं भरायला ठेवतो. गंगूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि थोरला, मधला परत पाठवायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. इंद्रभाननी विचार करकरून पाहिला. कागदावरचे सगळे आकडे मोठ्या यंत्राच्या बाजूनं होते, गावाचं बहुमत मोठ्या यंत्राच्या बाजूनं होतं. बाई हट्टाला पेटली आहे, एवढाच अर्थ त्यांना लागला.

त्याच संध्याकाळी गोविंदसिंग आपल्या आसेगावच्या सोयऱ्यांना घेऊन आला. दुर्बीण दाखवतो, शेंगा खाऊ, असं त्यानं वाटेतच कबूल केलेलं. तिघं धुऱ्यावर चढले न चढले, तोच मचाणावरून डबा वाजला आणि ढेकळं येऊ लागली.

“वहिनी, मी व्हय, गोविंदसिंग,” तो खाली बसून ओरडला. खाली बसण्याचा त्याला आता सराव होता.

“असान, भाऊ,” मचाणावरून अगदी आदरानं उत्तर आलं. “पन मले यंत्रात डुक्कर दिसते. यंत्रच हलकं घेतलं यायनं. मी काय करू?” आणि पुढचं ढेकूळ आलं.

गोविंदसिंगनं यावर फार विचार केला, पण त्याला बोट ठेवायला जागा सापडेना. माणसाला वावरातून हाकललं असतं तर त्यानं गावभर बोभाटा केला असता. पण डुकराला ढेकूळ मारू नये, असं कोणत्याच रीतीत बसत नाही. बाईनं माणसाला मारलंच नव्हतं. सोयऱ्यांना घेऊन तो गुपचूप परत गेला, आणि यावेळी स्टँडवर त्यानं काहीही सांगितलं नाही. तरी समजायचं त्यांना समजलं. दुसऱ्या दिवशी वावराकडे कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. डुकरंही नाही आली. एवढा डबा ऐकल्यावर कोण येणार.

इंद्रभानना आता एकच काम उरलं होतं. दिवस बुडाला की बायकोचा जेवणाचा डबा वावरात नेऊन द्यायचा.

पहिल्याच दिवशी ते धुऱ्यावर पोचले, तर पायाशी ढेकूळ येऊन फुटलं.

“मी व्हय,” ते म्हणाले. म्हणाले म्हणजे त्यांच्या आवाजात म्हणाले. मेडशीच्या स्टँडवर कोणी उभं असतं तर त्यालाही समजलं असतं कोण आहे ते. पुढे जावं तर ढेकूळ, मागे जावं तर बायको उपाशी. ते डबा धरून तसेच उभे राहिले. काळोख होता, थंडी होती, करायला दुसरं काही नव्हतं. शेजारीच तुरीची फांदी होती. त्यांचा मोकळा हात, त्यांना न विचारता, तिच्याकडे गेला.

दुसरं ढेकूळ बरोब्बर मनगटावर बसलं. डब्याला ओरखडाही आला नाही.

“डुक्कर डबा घेऊन आलं वाटते,” मचाणावरून शांत आवाज आला. “डबा धुऱ्यावर ठेव म्हना त्याले. अन् ते शेंग खाली टाक म्हना.”